उतारावर ब्रेक कसा लावायचा?

मी भिलाईत वाढलो. सेक्टरमधले रस्ते रुंद आणि सपाट. ब्रेक म्हणजे चौकात थांबण्याची वस्तू, एवढंच मला ठाऊक होतं. मग एकदा मित्रांबरोबर माउंटन बाइक घेऊन केशकाल घाटात गेलो. बस्तरच्या पठारावरून कांकेरकडे उतरणारा हा घाट, लोक त्याला ‘बारा भंवर’ म्हणतात. एका वळणात मी घाबरून मागचा ब्रेक गच्च दाबला. कडेच्या बारीक खडीवर चाक जाम होऊन घसरलं आणि माझं मनगट मोडलं. ६ आठवडे प्लास्टर. चूक कुठे झाली, ते तेव्हा निवांत कळलं.

पहिली गोष्ट, पुढच्या ब्रेकला घाबरू नका. ब्रेक लागला की वजन पुढे सरकतं. पुढचं चाक जमिनीवर दाबलं जातं, मागचं हलकं होतं. म्हणजे थांबवण्याची खरी ताकद पुढच्या चाकात असते. माणूस हँडलवरून फेकला जातो तो झटका दिल्यामुळे आणि अंग पुढे राहिल्यामुळे. म्हणून दोन्ही पेडल एका पातळीत ठेवून उभे राहा, कंबर मागे न्या, टाचा खाली दाबा. लिव्हरवर एकच बोट ठेवा, बाकीच्या बोटांनी हँडल धरा. दोन्ही ब्रेक हळूहळू दाबत न्या. चाक जाम झालं तर लगेच थोडं सोडा. फिरणारं चाकच वळतं, जाम झालेलं नुसतं घसरतं.

दुसरी गोष्ट, वेग वळणाच्या आधी कमी करा. टायरची पकड ठरावीक असते. ती वळताना वळण्यासाठीच लागते. सरळ रस्त्यावर ब्रेक लावा, वळणात शिरताना सोडत जा आणि नजर वळणाच्या पुढे ठेवा. वेग दुप्पट झाला तर थांबायला चौपट अंतर लागतं, हेही विसरू नका.

तिसरी गोष्ट, उष्णता. घाटात ट्रक खालच्या गिअरमध्ये उतरतो, इंजिन त्याला धरून ठेवतं. आपल्या सायकलला इंजिन नाही. तुम्ही आणि सायकल मिळून ८० किलो असाल, तर १०० मीटर उंची उतरताना जी ऊर्जा सुटते, तिच्यात पाव लिटर पाणी उकळीला येईल. त्यातली थोडी वारा घेतो, बाकीची बहुतेक ब्रेकला पचवावी लागते. सतत हलका ब्रेक धरून ठेवला तर डिस्क तापत जाते आणि पकड ढिली पडते. त्यापेक्षा नीट दाबा, वेग उतरवा, सोडा, डिस्कला वारा लागू द्या. लांब उतारावर मध्ये थांबा, पण तापलेल्या डिस्कला हात लावू नका.

आता माझी तेरा वर्षांची मुलगी म्हणते, ‘बाबा, मलाही केशकालला यायचंय.’ मी आधी तिच्या सायकलचा लिव्हर स्क्रू फिरवून जवळ आणला, कारण तिचं बोट पोहोचत नव्हतं. कोणता लिव्हर पुढचा, तेही दाखवलं. सध्या रोज संध्याकाळी रिकाम्या मैदानात खडूने रेघ मारतो, आणि तिला चाक जाम न करता त्या रेघेवर थांबायचं असतं. दहापैकी दहा वेळा जमलं की घाट. तुम्हीही आधी मैदानातच शिका. घाटात शिकायला गेलात, तर माझ्यासारखं प्लास्टर घेऊन घरी याल.