दात आपल्याला वेळ देतो

गोड चहाचा एक घोट घ्या. कप खाली ठेवेपर्यंत तुमच्या दातांवरच्या जिवाणूंनी त्यातली साखर फस्त करायला सुरुवात केलेली असते. साखर खाऊन ते आम्ल सोडतात. काही मिनिटांत दाताच्या पृष्ठभागावरचा सामू 5.5 च्या खाली उतरतो आणि दातातलं कॅल्शियम नि फॉस्फेट कणाकणाने विरघळून बाहेर पडू लागतं. मग लाळ कामाला लागते. ती आम्ल धुऊन काढते, त्याचा जोर मोडते आणि स्वतःजवळचं कॅल्शियम नि फॉस्फेट दातात परत नेऊन बसवते. अर्ध्या-पाऊण तासात गाडी बहुधा रुळावर येते. तेवढ्यात दुसरा चहा येतो.

ही मोडतोड आणि डागडुजी आपल्या तोंडात रोज चालते आणि आपल्याला तिचा पत्ताही नसतो. ज्या दातात मोडतोड महिनोन्‌महिने डागडुजीवर मात करत राहते, तो दात किडतो. मोठ्या माणसाच्या पक्क्या दाताचं कवच भेदून आत शिरायला किडीला बहुतेक वेळा वर्षं लागतात.

दाताचा डॉक्टर ज्या गावापासून एसटीने दोन तासांवर आहे, त्या गावासाठी किडीची ही संथ चाल फार मोलाची आहे. दाताचा खर्च कीड किती खोल गेली त्यावर ठरतो. वरच्या थरात ती टूथपेस्टने थांबते, मधल्या थरात सिमेंट भरावं लागतं आणि तळाशी पोचली की रूट कॅनॉल करून वर कॅप बसवावी लागते, नाहीतर दात काढावा लागतो. म्हणून दातात थराथराने खाली उतरू आणि प्रत्येक थरावर कमी पैशांत काय होऊ शकतं ते पाहू.

पहिला थर: कवच

दाताचं पांढरं कवच, म्हणजे एनॅमल, हा आपल्या शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. वजनाने तो जवळजवळ 96 टक्के खनिज असतो. हे कवच घडवणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येईपर्यंत आपलं काम संपवून नाहीशा झालेल्या असतात. मोडलेलं हाड जुळतं, कापलेली कातडी भरून येते, पण एनॅमलचा टवका उडाला की तो पुन्हा उगवत नाही.

तरीही खड्डा पडण्याआधी एक टप्पा येतो. दातावर खडूसारखा निस्तेज पांढरा डाग दिसतो. आतलं खनिज कमी झालेलं असतं, पण वरचा पापुद्रा शाबूत असतो. इथून दात माघारी फिरू शकतो. लाळ खनिज परत बसवत असताना तिथे थोडं फ्लोराइड असेल, तर नवे स्फटिक आधीच्यापेक्षा चिवट बनतात आणि सामू 4.5 च्या आसपास उतरेपर्यंत टिकून राहतात. एवढं मोठं काम करणारी फ्लोराइडची टूथपेस्ट गावातल्या किराणा दुकानातही मिळते. वेष्टनावर 1000 पीपीएमच्या आसपासचा आकडा पाहून घ्यावा. रात्री झोपताना दात घासून पेस्ट थुंकावी आणि लगेच खळखळून चूळ भरू नये, म्हणजे फ्लोराइड दातांवर रेंगाळतं. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त असतं आणि दातांवर तपकिरी डाग पडतात. तिथे पेस्टबद्दल डॉक्टरांना विचारलेलं बरं. मिशेरीने दात स्वच्छ होतात हा समज मात्र सगळीकडेच सोडायला हवा. ती भाजलेली तंबाखू आहे आणि तोंडाच्या कॅन्सरची वाट तिच्यातून जाते.

दुसरा थर: जिवंत भिंत

कवचाखाली डेंटिन असतं. सूक्ष्मदर्शकाखाली ते एखाद्या वेताच्या जुडीसारखं दिसतं, कारण मोहरीच्या दाण्याहून लहान जागेत हजारो बारीक नळ्या शेजारी-शेजारी उभ्या असतात. त्यांत द्रव भरलेला असतो. थंड पाणी लागलं की हा द्रव हलतो, तळाशी असलेल्या मज्जातंतूला धक्का बसतो आणि आपल्या मस्तकात कळ जाते. कीड जवळ येत असल्याची चाहूल लागली की दाताच्या आतल्या पेशी मागे सरकतात आणि सरकताना नवं डेंटिन रचत जातात, जणू पूर येताना आतल्या बाजूने आणखी एक बांध घालावा. दात इथेही आपल्याला वेळ मिळवून देतो.

आजी दाढेत लवंग धरायला सांगते, त्यामागे शास्त्र आहे. लवंगेतलं युजेनॉल मज्जातंतू बधिर करतं. दंतवैद्य हेच युजेनॉल झिंक ऑक्साइडमध्ये कालवून त्याचं तात्पुरतं सिमेंट करतात. फक्त लवंगेने दुखणं शमतं आणि कीड तिथेच राहते, एवढं ध्यानात ठेवायचं.

डॉक्टर कमी, वीज बेभरवशाची, खुर्ची आणि ड्रिल नाही, अशा ठिकाणी या थरातली कीड कशी थांबवायची? 1980 च्या दशकाच्या मध्यावर टांझानियात यो फ्रेंकेन आणि त्यांचे सहकारी याच प्रश्नाशी झुंजत होते. त्यांनी काढलेला मार्ग थक्क करणारा आहे. किडून मऊ झालेला भाग हातातल्या चमच्यासारख्या छोट्या अवजाराने खरवडून काढायचा आणि खड्ड्यात ग्लास आयोनोमर सिमेंट बोटाने दाबून बसवायचं. मऊ झालेल्या भागापुरतंच खरवडायचं असल्यामुळे बहुतेक वेळा भुलीचं इंजेक्शनही लागत नाही. रुग्णाला टेबलावर झोपवलं तरी काम होतं. हे सिमेंट 1970 च्या सुमारास लंडनच्या सरकारी प्रयोगशाळेत ॲलन विल्सन आणि ब्रायन केंट यांनी तयार केलं होतं. ते दाताला रासायनिक बंधाने चिकटतं आणि हळूहळू फ्लोराइड सोडत राहतं. 1994 साली जागतिक आरोग्य संघटनेने खरवडून सिमेंट भरण्याची ही पद्धत उचलून धरली.

दुसरा मार्ग याहून साधा आहे. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड नावाच्या द्रावणाचा थेंब किडीवर लावायचा. चांदी जिवाणूंना मारते आणि फ्लोराइड दात कठीण करतं. किडलेला भाग कायमचा काळा पडतो, पण कीड बहुतेकदा जागच्या जागी थांबते. जपानने हे द्रावण 1970 च्या सुमारास वापरात आणलं. दुधाच्या दाताला हा उपाय छान लागू पडतो, कारण तो काळा दात पुढे पडणारच असतो. 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आवश्यक औषधांच्या यादीत फ्लोराइड टूथपेस्ट, ग्लास आयोनोमर आणि हे द्रावण अशा तिन्ही गोष्टी घेतल्या. डॉक्टरकडे गेल्यावर ग्लास आयोनोमर आणि सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड या दोन उपायांबद्दल नाव घेऊन विचारायला हरकत नाही.

तिसरा थर: बंद खोली

सर्वांत आत दाताचा गर असतो. रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू तिथे दाटीने राहतात. बोटाला जखम झाली तर बोट सुजतं. गराभोवती मात्र चारही बाजूंनी कठीण भिंती आहेत, त्यामुळे सुजायला जागा नाही. दाब वाढत जातो आणि रात्रभर ठणका लागतो.

मग एके दिवशी ठणका अचानक थांबतो. घरातले म्हणतात, बरं झालं, खर्च वाचला. बहुतेकदा त्या दिवशी आतला मज्जातंतू मेलेला असतो. जंतू मुळाच्या टोकातून जबड्याच्या हाडात उतरत असतात आणि आता सांगायला कोणी उरलेलं नसतं. मेडिकलमधून आणलेल्या गोळ्यांनी सूज तात्पुरती उतरते, पण मेलेल्या गरात रक्तच पोचत नसल्यामुळे औषधही पोचत नाही. गर साफ करणं, म्हणजे रूट कॅनॉल, किंवा दात काढणं, हे दोनच उपाय राहतात. गाल किंवा गळा सुजला, ताप आला, तोंड उघडेना, घास गिळवेना, तर त्याच दिवशी जिल्हा रुग्णालय गाठायला हवं.

जायचं कुठे?

प्राथमिक आरोग्य केंद्रात दाताचा डॉक्टर सहसा नसतो. जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांत, काही ग्रामीण रुग्णालयांतही, दंतविभाग असतो. दात काढणं, साफ करणं, साधं सिमेंट भरणं तिथे होतं. भारतात दंत महाविद्यालयं तीनशेहून अधिक आहेत, पण त्यांतून बाहेर पडणारे डॉक्टर बहुतेक शहरांत स्थिरावतात. त्यामुळे खेड्यातल्या माणसाला अनेकदा त्या महाविद्यालयाचंच दार सर्वांत उपयोगी पडतं. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, मुंबईत महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे, आणि खासगी महाविद्यालयांची रुग्णालयंही बाहेरच्या दवाखान्यापेक्षा बरंच कमी शुल्क घेतात.

"शिकाऊ पोरं हात लावणार?" ही भीती साहजिक आहे. ती पोरं तिथवर कशी येतात ते मात्र पाहण्यासारखं आहे. पहिल्या वर्षी ती मेणाच्या ठोकळ्यातून एकेक दात कोरतात, दाढेची प्रत्येक घळ आणि उंचवटा हुबेहूब. नंतर काढून टाकलेल्या दातांवर आणि नकली जबड्यावर खड्डे कोरून भरायला शिकतात. तिसऱ्या-चौथ्या वर्षी ती रुग्णासमोर येतात आणि पाचवं वर्ष इंटर्नशिपचं असतं. विद्यार्थ्याचं काम टप्प्याटप्प्यावर शिक्षक येऊन तपासतात. म्हणूनच बाहेर एका बैठकीत होणाऱ्या कामाला इथे दोन-तीन फेऱ्या पडतात. आपण वेळ देतो, त्या बदल्यात खर्च कमी होतो आणि एका दातावर दोघांची नजर फिरते.

सकाळी लवकर पोचावं, पोटात दोन घास असावेत. केसपेपर काढला की आधी तपासणी विभाग, गरज पडली तर एक्स-रे, मग त्या-त्या विभागात. मधुमेह, रक्तदाब, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या यांबद्दल आपणहून सांगावं. कॅप आणि कवळीला प्रयोगशाळेचा वेगळा खर्च येतो, तो आधीच विचारावा. फेऱ्यांचं भाडंही हिशेबात धरावं आणि पुढची तारीख बाजाराच्या किंवा दुसऱ्या कामाच्या दिवसाला जुळते का, हे मोकळेपणाने विचारावं.

मुलांसाठी तर आरोग्य पथक शाळेत आणि अंगणवाडीत येतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात 2013 च्या फेब्रुवारीत आपल्या पालघरमधूनच झाली आणि त्यात दातांची तपासणीही धरलेली आहे. पथकाने दिलेली चिठ्ठी दप्तरात राहू देऊ नका.

पथक येण्याची वाटही पाहायला नको. सकाळच्या उजेडात लेकराला मांडीवर घ्या आणि वरचा ओठ हलकेच उचला. पुढच्या दातांवर, हिरडीच्या अगदी कडेला, खडूसारखी पांढरी रेघ दिसते का ते बघा. दिसली तर दूध-साखरेची बाटली तोंडात ठेवून झोपवणं आजपासून बंद करा, रात्री दाण्याएवढ्या पेस्टने दात घासून द्या आणि पुढच्या वेळी तालुक्याला जाल तेव्हा दात दाखवून आणा. कीड अजून पहिल्याच थरात आहे आणि तिची पाठवणी करायला तुमच्या हाताशी वेळ आहे.