एकाच वेतातली दोन पिल्लं एकत्र पाळताय? आधी हे समजून घ्या!

पावसाळा संपून थंडी पडायला लागली की व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर एक फोटो हमखास फिरतो. पुठ्ठ्याचं खोकं, त्यात एकमेकांना बिलगून झोपलेली दोन पिल्लं आणि खाली एक ओळ, "सख्खे भाऊ आहेत, शक्यतो दोघांना एकत्रच न्या."

फोटो बघून कोणालाही पाझर फुटेल. वर हिशोबही सोपा वाटतो. एकटं पिल्लू रात्रभर रडणार, दोघं असली तर एकमेकांना सोबत होईल. आपण दिवसभर ऑफिसला गेलो तरी ती आपापसात खेळत बसतील.

पण कुत्र्यांना प्रशिक्षण देणाऱ्या ट्रेनरला विचारलंत तर बहुतेक जण हात जोडून सांगतील, "एका वेळी एकच आणा." असं का?

'लिटरमेट सिंड्रोम' म्हणजे नेमकं काय?

एकाच वेतातली दोन पिल्लं एका घरात वाढली की कधीकधी त्यांचं एकमेकांशी इतकं घट्ट जुळतं, की माणूस त्यांच्यासाठी दुय्यम ठरतो. एकाला बाजूला नेलं तर दुसरं किंचाळतं, खाणं सोडतं, दार ओरबाडतं. नावाने हाक मारली तरी लक्ष देत नाही. बाहेर एकटं नेलं तर थरथरतं. या सगळ्याला ट्रेनर लोक 'लिटरमेट सिंड्रोम' म्हणतात.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. नावात सिंड्रोम असलं तरी हा काही आजार नाही. पशुवैद्यकशास्त्रात असं अधिकृत निदान नाही आणि त्यावर फारसं संशोधनही झालेलं नाही. प्रत्येक जोडीत हे होतंच, असंही नाही. ट्रेनर मंडळींनी अनुभवातून दिलेलं हे नाव आहे. किंबहुना सख्खी भावंडंच हवीत असंही नाही, वेगवेगळ्या घरांतून आणलेली सारख्या वयाची दोन पिल्लं असली तरी हेच घडू शकतं.

म्हणजे दोष रक्ताचा नसून वयाचा आणि वेळेचा आहे.

सगळा खेळ पहिल्या तीन महिन्यांचा

अमेरिकेतल्या मेन राज्यात बार हार्बर इथे जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या दोन शास्त्रज्ञांनी पाच जातींच्या कुत्र्यांवर अनेक वर्षं काम केलं. १९६५ साली त्यांचं पुस्तक आलं. त्यांच्या अभ्यासानुसार, साधारण ३ ते १२ आठवड्यांच्या काळात पिल्लू 'आपलं कोण' हे ठरवतं. या काळात जे दिसेल, ऐकू येईल, हाताळलं जाईल, ते त्याला आयुष्यभर ओळखीचं वाटतं.

त्याआधी १९६१ साली डॅनियल फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. उंच कुंपणाच्या आवारात पिल्लं वाढवली आणि ठरावीक वयात एकेक आठवडाच त्यांना माणसांचा सहवास दिला. ज्या पिल्लांना १४ आठवडे माणूस भेटलाच नाही, ती पुढे माणसाला रानटी जनावरासारखी बुजत राहिली. गंमत म्हणजे या पिल्लांना आपल्या भावंडांची सोबत होतीच, पण तेवढ्याने त्यांना माणसांची सवय झाली नाही.

आता आपल्या घरातलं चित्र बघा. कायद्यानुसारही आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. २०१७ च्या श्वान प्रजनन आणि विक्री नियमांत तशी तरतूद आहे. म्हणजे पिल्लू घरी येतं तेव्हा ही खिडकी बंद व्हायला जेमतेम एक-दीड महिना उरलेला असतो. त्या काळात त्याला कुकरची शिट्टी, लिफ्ट, रिक्षा, फेरीवाल्याची आरोळी, लहान मुलं, काठी टेकत येणारे आजोबा हे सगळं ओळखीचं करून द्यायचं असतं.

एकटं पिल्लू घाबरलं की तुमच्या पायाशी येतं आणि तुमच्याकडून शिकतं. दोघं असली की एक दुसऱ्याच्या मागे लपतं. वरवर दोघं धीट दिसतात, पण ती हिंमत जोडीची असते. जोडीदार नसेल त्या दिवशी ती पार गळून पडते.

मग पुढे काय बिघडतं?

१. शिकवणं अवघड जातं. "बस" म्हटल्यावर एक बसायला लागतं, तेवढ्यात दुसरं त्याचा कान ओढतं. शी-सूची सवय लावताना तर चादरीवर नेमकं कोणी केलं हेच कळत नाही. मग शाबासकी कोणाला द्यायची?

२. एक दबतं, एक चढतं. बहुतेक जोड्यांत एक पिल्लू थोडं धीट असतं. खेळणं, जेवण, मांडी, सगळीकडे तेच पुढे. दुसरं गप्प राहतं आणि आपण "ते शांत स्वभावाचं आहे" म्हणून सोडून देतो. खरं तर त्याला वाढायला जागाच मिळालेली नसते.

३. मोठेपणी भांडणं होतात. पिल्लं वर्ष-दोन वर्षांची झाली की त्यांचा स्वभाव पक्का होतो. कालपर्यंत एका ताटलीत जेवणारी भावंडं अचानक रक्त निघेपर्यंत भांडू शकतात. एकाच घरातल्या कुत्र्यांच्या भांडणांवर अमेरिकेत झालेल्या अभ्यासांत बहुतेक जोड्या एकाच लिंगाच्या निघाल्या आणि त्यात माद्यांचं प्रमाण मोठं होतं. त्यामुळे दोन बहिणी आणणार असाल तर जास्त सावध राहा.

४. भाऊ-बहीण असतील तर आणखी एक प्रश्न. मादी साधारण सहा महिन्यांपासून वर्षाच्या आत पहिल्यांदा माजावर येते. कुत्र्यांना सख्खं नातं कळत नाही. नसबंदी कधी करायची हे पहिल्याच लसीच्या वेळी डॉक्टरांशी बोलून ठरवा, नाहीतर ६३ दिवसांनी घरात आणखी पिल्लं येतील.

५. दुखणं दोघांना एकदम. पार्व्होसारखा संसर्ग एका पिल्लाला झाला की दुसऱ्याला लागायला वेळ लागत नाही. दोघांच्या लसी, जंतांचं औषध, सलाइन, सगळा खर्च दुप्पट आणि तोही एकाच आठवड्यात.

पण रस्त्यावरचं दुसरं पिल्लू सोडून द्यायचं का?

हा प्रश्न खरा आणि अवघड आहे. आयसर कोलकाताच्या संशोधकांनी पश्चिम बंगालमध्ये पाच वर्षं रस्त्यावरच्या ३६४ पिल्लांची नोंद ठेवली. २०१६ साली आलेल्या त्या अभ्यासानुसार, प्रजननाच्या वयापर्यंत जेमतेम १९ टक्के पिल्लं जगली. म्हणजे "एकच न्या" हा सल्ला पार्किंगमध्ये उभं राहून पाळणं सोपं नाही.

अशा वेळी दोघांना उचलणं आणि दोघांना पाळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे लक्षात घ्या. दोघांना घरी आणा, लस द्या, महिनाभर सांभाळा आणि त्या महिन्यात एकासाठी चांगलं घर शोधा. ओळखीतलं, त्याच शहरातलं घर मिळालं तर उत्तमच. पिल्लू १०-१२ आठवड्यांचं असताना नव्या घरात लवकर रुळतं. भावंडांची ताटातूट केली म्हणून अपराधी वाटून घेऊ नका. स्वतःचं माणूस मिळणं ही पिल्लासाठी शिक्षा नाही.

दोघांना ठेवायचंच ठरलं असेल तर...

अनेक घरांत अशा जोड्या छान वाढल्या आहेत. फक्त त्यासाठी दोघांना रोज थोडा वेळ एकेकटं वाढवावं लागतं.

• झोपायची जागा वेगळी. पहिले काही दिवस अंथरुणं शेजारी ठेवा, मग हळूहळू अंतर वाढवत दुसऱ्या खोलीत न्या. टू बीएचकेमध्येही हे जमतं.

• ताटल्या वेगळ्या. जेवण वेगवेगळ्या कोपऱ्यात किंवा खोलीत द्या. एकाने दुसऱ्याच्या ताटलीत तोंड घालायचं नाही.

• फिरणं वेगळं. दिवसातून निदान एक फेरी एकट्याची हवी. लसी पूर्ण झाल्या नसतील तर पिल्लाला उचलून घेऊन फिरवा, खाली सोडू नका.

• शिकवणी वेगळी. पाच-पाच मिनिटांची, दिवसातून दोन-तीनदा. आधी एकेकट्याला जमू द्या, मगच दोघांना एकत्र बसवा.

• नावं वेगळ्या उच्चाराची. 'सोनू-मोनू' ऐकायला गोड वाटतं, पण पिल्लांचा गोंधळ होतो. 'टायगर' आणि 'शेवंती' चालेल.

• घरातल्यांनी वाटून घ्या, पण अदलाबदल करा. एक पिल्लू दादाचं आणि एक ताईचं असं कायमचं वाटप नको. दोघांना सगळ्यांची सवय हवी.

हा सगळा वेळ जोडा. फेऱ्या, शिकवणी, जेवण, साफसफाई मिळून रोजचे दोन-तीन तास सहज जातात, तेही पहिले सहा-आठ महिने. घरात दिवसभर कोणीच नसेल तर दुसरं पिल्लू हा त्यावरचा उपाय नाही.

आधीच दोघं मोठी झाली असतील तर?

घाबरून एकदम वेगळं करू नका. एकाला दाराच्या पलीकडे चघळायला काहीतरी देऊन दोन मिनिटं ठेवा, मग पाच, मग दहा. रडायला लागण्याआधी परत आणा. भांडणं होत असतील तर मध्ये हात घालू नका, चावा बसतो. आधी डॉक्टरांकडून दोघांना काही दुखत-खुपत नाही ना हे तपासून घ्या आणि मग वर्तनाचं काम करणाऱ्या ट्रेनरची मदत घ्या.

आणि दोन कुत्री पाळायचीच हौस असेल तर सोपा मार्गही आहे. आज एक आणा. ते दीड-दोन वर्षांचं, शिकलेलं, शांत झालं की दुसरं आणा. तेव्हा धाकट्याला शिकवायला घरात तुमच्याबरोबर एक मोठा भाऊही असेल.