पोवळ्यांनाही ऊन लागतं!

मुलांनो, रोपवाटिकेतून आणलेलं सावलीतलं रोप मे महिन्यात एकदम भर अंगणात ठेवलंत तर काय होईल? दोन दिवसांत पानं करपतील. आजी म्हणेल, "अरे, आधी चार दिवस पडवीत ठेवायचं, मग हळूहळू उन्हात सरकवायचं!" आजीचा हा सल्ला समुद्रातल्या एका प्राण्यालाही लागू पडतो बरं का! तो प्राणी म्हणजे प्रवाळ, आपलं पोवळं.

हो, प्राणीच! दगडासारखं दिसणारं पोवळं ही असंख्य चिमुकल्या जीवांची वसाहत असते. या जीवांच्या अंगात भाडेकरूही राहतात. ते म्हणजे सूक्ष्म शैवाल. एका चौरस सेंटिमीटर जागेत ते दहा लाखांहून अधिक असू शकतात! हे भाडेकरू उजेडात अन्न तयार करतात आणि त्यातलं बरंचसं घरमालकाला भाडं म्हणून देतात. कित्येक जातींची ९० टक्क्यांपर्यंत ऊर्जेची गरज यातूनच भागते. पोवळ्याचा तपकिरी रंगही या भाडेकरूंचाच.

अमेरिका, जर्मनी, जपान अशा देशांत अनेक हौशी लोक घरी खाऱ्या पाण्याच्या काचपेटीत पोवळी वाढवतात. भाडेकरूंना उजेड हवा, म्हणून पेटीवर झगझगीत दिवे लावतात. आणि इथेच कधी कधी घात होतो. जुना दिवा मंदावला म्हणून नवा, जोरदार दिवा आणला जातो आणि थोड्याच दिवसांत पोवळी पांढरीफटक पडतात!

असं का होतं? उजेड पेलवेनासा झाला की शैवालाचं अन्न बनवण्याचं यंत्रच बिघडतं. मग ऑक्सिजनची घातक रूपं तयार होऊन पोवळ्याचं अंग पोळू लागतं. बिचारं पोवळं भाडेकरूंना बाहेर काढतं. रंग जातो आणि आतला चुन्याचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. पण पांढरं पडलं म्हणजे मेलंच असं नाही. ते उपाशी असतं. वेळीच उजेड कमी केला, तर भाडेकरू पुन्हा वाढू शकतात. उशीर झाला, तर मात्र ते मरतं.

म्हणून जाणकार लोक घाई करत नाहीत. नवा दिवा आधी निम्म्या जोरावर लावतात आणि दर आठवड्याला थोडा थोडा वाढवतात. जोर कमी करता येत नसेल, तर दिवा उंच टांगतात किंवा खाली जाळीचे तीन-चार पदर धरतात आणि काही दिवसांनी एकेक पदर काढतात. नवं पोवळं आधी तळाशी ठेवतात, मग वर सरकवतात. दिवे आठ-दहा तासच चालू ठेवतात, कारण पोवळ्यांना रात्रही हवी असते.

आणखी एक गंमत ऐका. पेटीतलं पाणी कालांतराने किंचित पिवळसर होतं. ते स्वच्छ करायला कोळशाची गाळणी लावतात. पाणी एकदम नितळ झालं की दिवा तोच असूनही खाली जास्त उजेड पोचतो आणि पोवळी पोळतात! म्हणून कोळसाही बेताबेतानेच वापरतात. आहे की नाही नवल?

समुद्रात तर याहून मोठं संकट आहे. पाणी नेहमीपेक्षा तापलं की शैवालाला रोजचं ऊनही सोसवत नाही. १९९८ साली आपल्या लक्षद्वीपची पोवळी अशीच मोठ्या प्रमाणावर पांढरी पडली. सबंध समुद्रावर जाळी कशी धरणार? पण ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी २०२० साली ग्रेट बॅरियर रीफवर एक प्रयोग सुरू केला. समुद्राच्याच पाण्याचे अगदी बारीक तुषार हवेत उडवायचे, म्हणजे ढग जास्त उजळ होतील आणि ऊन परतवतील. ढगांचीच छत्री म्हणा ना! मात्र, समुद्र तापायचा थांबवल्याशिवाय नुसत्या छत्रीने भागणार नाही.

आपल्या मालवणच्या समुद्रातही पोवळी आहेत. पण ती तोडून घरी आणायची नाहीत हं! २००१ पासून आपल्या देशात प्रवाळांना वाघाइतकंच कडक कायद्याचं संरक्षण आहे.

मग घरी काय करून पाहाल? सावलीत वाढलेल्या मनी प्लँटच्या दोन कुंड्या घ्या. एक कुंडी थेट उन्हात ठेवा. दुसरी रोज थोडा थोडा वेळ वाढवत उन्हात न्या. पंधरा दिवस दोन्हींची पानं पाहा आणि वहीत टिपून ठेवा. मग पहिली कुंडी लगेच सावलीत आणा हं, आजी रागवायच्या आत!