शिक्षकांची शरीरसंपदा : वजन उतरविण्याचा व शरीर सुदृढ करण्याचा सोपा मार्ग

खेड्यातील प्राथमिक शिक्षक पूर्वी दोन-तीन मैलांची वाट पायी तुडवून शाळा गाठीत असे. सांप्रत बहुतेक ठिकाणी ही वाट मोटारसायकलीने काटली जाते. शाळा सुटल्यावरही बराच वेळ नोंदवह्या, माहितीचे तक्ते व भ्रमणध्वनीवरील पत्रव्यवहार यांत बसूनच जातो. श्रम कमी झाले. परंतु ताटातील अन्न मात्र पूर्वीइतकेच, किंबहुना थोडे अधिकच राहिले. याचा परिणाम चाळिशीच्या आसपास दिसू लागतो. पोट सुटते, जिना चढताना दम लागतो, गुडघे कुरकुरतात, आणि एखाद्या आरोग्य तपासणीत रक्तदाब वा रक्तातील साखर वाढल्याचे अचानक कळते.

पोट सुटणे हे सुखवस्तूपणाचे लक्षण मानण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. ती आता टाकून दिली पाहिजे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण असल्याचा अंदाज दिला आहे; मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांची संख्या सुमारे १३ कोटी ६० लाख आहे. हा विकार आरंभी दुखत नाही, म्हणून तो वर्षानुवर्षे लपून राहतो. यास्तव योग्य वेळी सावध होण्यास फार महत्त्व आहे.

सडपातळ दिसणे पुरेसे नाही

वजन योग्य आहे किंवा नाही हे पाहण्यासाठी किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावे. उदाहरणार्थ, एखाद्या शिक्षकाची उंची १६५ सेंटिमीटर व वजन ७४ किलो असेल, तर १.६५ चा वर्ग सुमारे २.७२ होतो आणि भागाकार सुमारे २७ येतो. भारतीय व्यक्तींच्या बाबतीत हा आकडा २३ च्या पुढे गेला की वजन अधिक व २५ च्या पुढे गेला की लठ्ठपणा समजतात. पाश्चात्त्य देशांत याच मर्यादा अनुक्रमे २५ व ३० अशा आहेत.

हा भेद का, हे पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनावरून स्पष्ट होते. २००४ मध्ये त्यांनी व लंडनचे प्राध्यापक जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आपल्या दोघांचेच उदाहरण छायाचित्रासह प्रसिद्ध केले. दोघांचा निर्देशांक अगदी सारखा, म्हणजे २२.३ होता. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबीचे प्रमाण ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के आढळले. आपल्याकडील माणूस दिसावयास बारीक असला तरी त्याच्या अंगी स्नायू कमी व चरबी अधिक असू शकते, आणि ती विशेषतः पोटाभोवती साठते. म्हणून वजनकाट्याबरोबर मापपट्टीही वापरावी. पोटाचा घेर पुरुषांनी ९० व स्त्रियांनी ८० सेंटिमीटरच्या आत ठेवावा. विद्यार्थ्यांची उंची व वजन नोंदविण्याची साधने शाळेत असतातच. त्यांच्या साहाय्याने शिक्षकांनी स्वतःचीही नोंद करण्यास हरकत नाही.

व्यायामाचे कार्य व आहाराचे कार्य

पुष्कळांचा असा समज असतो की, सकाळी अर्धा तास चालले म्हणजे मग काहीही खाण्यास मोकळीक मिळते. हिशेब करून पाहिल्यास हा समज टिकत नाही. ७० किलो वजनाची व्यक्ती अर्धा तास झपाझप चालली तर साधारणतः सव्वाशे ते दीडशे उष्मांक खर्च होतात. एका वडापावात सुमारे तीनशे उष्मांक असतात. म्हणजे तासाभराची चाल पाच मिनिटांच्या खाण्याने भरून निघते. वजन उतरविण्याचे मुख्य कार्य आहाराचे आहे, हे यावरून लक्षात यावे.

मग व्यायाम कशासाठी? हृदय, फुप्फुसे व स्नायू बळकट होण्यासाठी, तसेच रक्तातील साखर स्नायूंनी नीट वापरावी यासाठी. १९५३ मध्ये डॉ. जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील नोकरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा जिना चढउतार करणाऱ्या वाहकांत हृदयविकाराचे प्रमाण कमी आढळले. पुढे डॉ. ए. रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातच मधुमेहाच्या उंबरठ्यावरील व्यक्तींवर प्रयोग केला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षानुसार, चालणे व आहारनियमन यांमुळे सुमारे अडीच वर्षांच्या काळात मधुमेह होण्याचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटले. आणि हे वजनात लक्षणीय घट झालेली नसतानाही घडले. काटा हलला नाही म्हणून व्यायाम सोडून देणे किती चुकीचे आहे, हे यावरून दिसते.

व्यायामाचा प्रारंभ

नव्या वर्षी किंवा एखाद्या सणाला संकल्प करावा, पहिल्याच दिवशी पळत सुटावे, आणि चौथ्या दिवशी पाय धरले म्हणून सर्व सोडून द्यावे, असा अनुभव सर्वत्र येतो. शरीर हळूहळू सरावते. पहिलीच्या मुलास आपण पहिल्या दिवशी जोडाक्षरे देत नाही. तोच न्याय येथे लावावा.

पहिले दोन आठवडे सकाळी व सायंकाळी दहा-दहा मिनिटे चालावे. पुढे दर आठवड्यास प्रत्येक वेळची चाल दोन-तीन मिनिटांनी वाढवावी. अशा रीतीने दीड-दोन महिन्यांत दिवसाकाठी अर्धा ते पाऊण तासाची चाल सहज साधते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्यास १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगितला आहे. अर्धा तासाप्रमाणे पाच दिवस चालल्यास त्याची किमान मर्यादा पूर्ण होते. चालीचा वेग ओळखण्याची खूण सोपी आहे. चालताना बोलता यावे, परंतु गाणे म्हणता येऊ नये.

चालण्याबरोबर आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम करावा. त्यासाठी साहित्य लागत नाही. हातांचा आधार न घेता खुर्चीवरून उठणे व बसणे, भिंतीला हात टेकून जोर काढणे, आणि टाचा उचलून चवड्यांवर उभे राहणे हे तीन प्रकार प्रत्येकी आठ-दहा वेळा करून आरंभ करावा. अंगात थोडे बळ आल्यावर सूर्यनमस्कार सुरू करावेत. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात याच व्यायामाचा प्रसार आपल्या संस्थानातील शाळांतून केला होता. दोन नमस्कारांपासून प्रारंभ करून दर आठवड्यास एक-एक वाढविणे श्रेयस्कर होय.

ताटातील बदल

आहार बदलावयाचा म्हणजे परका आहार घ्यावयाचा, असे मुळीच नाही. भाकरी, वरण, उसळ, पालेभाजी, ताक हे आपले ताट चांगलेच आहे. फक्त त्यातील प्रमाण बदलले पाहिजे. ताटाचा अर्धा भाग भाजी व कोशिंबिरीने भरावा. पाव भागात उसळ, वरण, अंडी वा मासे असे प्रथिनयुक्त पदार्थ असावेत. उरलेल्या पाव भागात भाकरी, पोळी किंवा भात घ्यावा. ज्वारी-बाजरीची भाकरी पौष्टिक व पोटास आधार देणारी आहे. तथापि तीही मोजून खावी.

साखरेकडे विशेष लक्ष द्यावे. घरी, शाळेत, पालकांच्या भेटीत आणि केंद्राच्या बैठकीत मिळून दिवसाला पाच कप चहा सहज होतो. कपास दोन लहान चमचे, म्हणजे सुमारे १० ग्रॅम साखर धरली, तर ५० ग्रॅम साखर व २०० उष्मांक केवळ चहातून पोटात जातात. दोन कप चहा व कपास एकच चमचा साखर, एवढे पथ्य पाळले तरी महिन्याकाठी १२०० ग्रॅम साखर वाचते. साखरेऐवजी गूळ घातल्याने या हिशेबात फारसा फरक पडत नाही.

तेलाच्या एका ग्रॅमात ९ उष्मांक असतात, तर साखरेच्या एका ग्रॅमात ४. म्हणून भजी, फरसाण, शेव यांचे नित्याचे खाणे बंद करून ते सणासुदीपुरते ठेवावे. मधल्या वेळी मूठभर फुटाणे, पेरू किंवा काकडी घ्यावी. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, तळलेले वेफर्स व गोड पदार्थ खाल्ल्यास 'एकादशी, दुप्पट खाशी' अशी अवस्था होते. जेवण अजिबात सोडून देणेही उचित नव्हे. त्यामुळे पुढच्या वेळी भूक अनावर होते.

घाई करू नये

वरील उदाहरणातील ७४ किलो वजनाच्या शिक्षकाने प्रथम चार-पाच किलो उतरविण्याचे ध्येय ठेवावे. आठवड्यास अर्धा किलोपेक्षा अधिक घट होण्याची अपेक्षा धरू नये. या हिशेबाने तीन महिने लागतील. वजन आठवड्यातून एकदाच, ठरावीक वारी व ठरावीक वेळी करावे. रोजच्या चढउतारास अर्थ नसतो. महिनाभरात अमुक किलो कमी करून देण्याच्या जाहिरातींपासून व अनोळखी चूर्णांपासून दूर राहावे.

मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, अंतर्गळ किंवा पाठीचे दुखणे असणाऱ्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांचा सल्ला घेऊनच व्यायाम सुरू करावा. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी आहार कमी करण्यापूर्वी विचारणे अगत्याचे आहे. नाही तर रक्तातील साखर धोकादायक रीतीने उतरू शकते. चालताना छातीत दुखणे, भोवळ येणे वा असाधारण दम लागणे असे घडल्यास तत्काळ थांबून वैद्यकीय मदत घ्यावी. गर्भवती भगिनींनी वजन उतरविण्याचा प्रयत्न करू नये.

शिक्षक भगिनींची अडचण निराळी असते. पहाटेचा स्वयंपाक, मुलांची तयारी व नंतरचा प्रवास यांत त्यांना स्वतःसाठी अर्धा तास उरत नाही. तो उपदेशाने मिळणार नाही. घरातील इतरांनी कामाचा वाटा उचलला तरच मिळेल. तोवर मधल्या सुट्टीतील दहा मिनिटे व शाळा सुटल्यावरची दहा मिनिटे अशी तुकड्यांनी केलेली चालही उपयोगी पडते.

विद्यार्थ्यांच्या बाबतीत

एक गोष्ट येथे बजावून सांगणे आवश्यक आहे. प्रस्तुत विवेचन प्रौढांसाठी आहे. वजन उतरविण्याचे हे नियम मुलांना लावू नयेत. त्यांची वाढ चालू असते, आणि एकाच वर्गात एखादे मूल स्थूल तर त्याच्या शेजारचे कुपोषित असू शकते. कोणाचेही वजन वर्गात मोठ्याने वाचून दाखवू नये व शरीरावरून टोपणनाव पडू देऊ नये. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना दररोज सरासरी एक तास धावण्या-खेळण्याची गरज असते. लंगडी, खो-खो व लपंडाव यांतून ती आनंदाने भागते. वजनाविषयी शंका वाटल्यास पालकांशी एकांतात बोलावे व मुलास आरोग्य तपासणीच्या वेळी डॉक्टरांना दाखवावे.

खेळाच्या तासास शिक्षकाने खुर्चीवर बसून शिट्टी वाजविण्याऐवजी मैदानात उतरावे. मुलांचा खेळ रंगतो, आणि शिक्षकाची त्या दिवसाची चालही पुरी होते. यासाठी निराळा खर्च नाही, निराळा वेळ नाही. आजच्याच खेळाच्या तासापासून प्रारंभ करता येईल.