देशांचा जमाखर्च : लेखांक ७ — जमिनीखालचा पैसा

एखाद्या देशाच्या जीडीपीत माणसांच्या कष्टाचा वाटा किती आणि जमिनीखालून उपसलेल्या संपत्तीचा किती? जागतिक बँक देशोदेशींसाठी हा हिशेब मांडते. तेल, वायू, कोळसा, खनिजे आणि जंगल यांच्या बाजारभावातून ते काढण्याचा खर्च वजा केला की उरतो तो खंड. त्याचे जीडीपीशी असलेले प्रमाण म्हणजे हा आकडा.

तो फार चंचल असतो. समजा, तेलाचा भाव पिंपाला ८० डॉलर आणि उपशाचा खर्च २० डॉलर. खंड झाला ६०. भाव ५० वर उतरला तर खंड ३०. भाव चाळीस टक्केही पडला नाही, खंड मात्र निम्मा झाला! जुलै २००८ मध्ये १४७ डॉलरवर गेलेले तेल त्याच डिसेंबरात ४० च्या खाली आले होते. अशा उत्पन्नाच्या भरवशावर पगार आणि अनुदाने वाढवणारे सरकार भाव पडताच कर्जात रुतते. व्हेनेझुएलाच्या निर्यातीतली नव्वद टक्क्यांहून अधिक कमाई तेलाची होती. २०१४ नंतर भाव कोसळले आणि आधीच गैरकारभाराने पोखरलेला तो देश उभा राहू शकला नाही.

नॉर्वेने वेगळे काय केले?

१९६९ च्या अखेरीस उत्तर समुद्रात एकोफिस्क हे प्रचंड तेलक्षेत्र सापडले. त्याच्या आदल्याच वर्षी फारूक अल-कासिम हे इराकी भूगर्भशास्त्रज्ञ, पत्नी नॉर्वेची आणि मुलाला उपचारांची गरज म्हणून, तिथे स्थायिक झाले होते. परकीय कंपन्यांच्या हाती गेलेले तेल म्हणजे काय, हे त्यांनी इराकमध्ये जवळून पाहिले होते. तेलाच्या कारभारासाठी नॉर्वेने ज्या सरकारी व्यवस्था उभारल्या, त्यांच्या आराखड्यात त्यांचा मोठा हात आहे. परक्या माणसाचे ज्ञान इतक्या मोकळेपणाने वापरणे, हे त्या देशाचे खरे शहाणपण वाटते.

पुढे तेल कंपन्यांच्या नफ्यावरचा कर ७८ टक्क्यांपर्यंत नेला. १९९० मध्ये तेलाची कमाई साठवण्यासाठी सरकारी निधीचा कायदा झाला, १९९६ मध्ये पहिली रक्कम जमा झाली. हा पैसा देशाबाहेरच गुंतवायचा, म्हणजे घरात महागाई भडकत नाही आणि इतर उद्योग मरत नाहीत. सरकारने वर्षाला निधीच्या सुमारे ४ टक्केच वापरावेत, असे २००१ मध्ये ठरले. २०१७ मध्ये ते ३ टक्क्यांवर आणले. त्याच वर्षी निधीने एक लाख कोटी डॉलरचा टप्पा ओलांडला. वडिलोपार्जित जमीन विकून आलेले पैसे मुलांच्या नावे ठेवावेत, तसा हा व्यवहार आहे.

आपल्याकडे गोव्यात याच विचाराची सुरुवात न्यायालयातून झाली. लोहखनिजाच्या बेकायदा उपशावरील गोवा फाउंडेशनच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्ये वार्षिक उपशावर दोन कोटी टनांची मर्यादा घातली आणि खनिजविक्रीच्या दहा टक्के रकमेतून कायमस्वरूपी निधी उभारण्याचा आदेश दिला. दहा टक्के कमीच आहेत, पण खनिज ही पुढच्या पिढ्यांचीही मालमत्ता आहे, हे त्यातून मान्य झाले.

जीडीपी मात्र ही विक्री कमाई म्हणूनच मोजतो. संपलेला साठा कुठेच वजा होत नाही. ती वजाबाकी खाणी असलेल्या प्रत्येक राज्याने आपल्या अर्थसंकल्पासोबत दरवर्षी छापली पाहिजे. गोव्याने, आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या खनिजांसाठी महाराष्ट्रानेही.