फोलेट आहे, पण मोकळे नाही

पुणे जिल्ह्यातले सारोळे असो की वेल्ह्याची आडवाडी, सरकारी योजनेतून गरोदर बाईला लोहाची जी गोळी मिळते, तिच्यात ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिडही असते. त्यामागचा एक धागा मुंबईतला आहे. हाफकिन संस्थेत काम करणाऱ्या ल्यूसी विल्स यांनी १९३१ मध्ये दाखवले, की गरोदरपणातला एक प्रकारचा रक्तक्षय यीस्टच्या अर्काने बरा होतो. त्या अर्कातले गुणकारी द्रव्य फोलेट होते, हे पुढे कळले; फॉलिक अॅसिड हे त्याचेच गोळीतले रूप. ही देणगी मोठीच. पण पुणे जिल्ह्यात आज एकट्या फोलेटवर भिस्त ठेवणे अपुरे आहे, आणि त्याचे कारण पेशीच्या रसायनात सापडते.

अमिनो आम्ले मोडताना सुटणारा एकेक कार्बन फोलेट उचलते आणि डीएनएच्या घडणीला पुरवते. डाळीतून मिळणाऱ्या हिस्टिडीनचेच पाहा. ते मोडताना ‘फिग्लू’ नावाचे संयुग तयार होते. आपला कार्बनगट फोलेटच्या हवाली केल्यावरच त्याचे ग्लुटामेट बनते. घ्यायला मोकळे फोलेट नसेल, तर फिग्लू लघवीवाटे बाहेर पडते. म्हणून फोलेटची कमतरता ओळखायला पूर्वी लघवीतले फिग्लू मोजत. मात्र बी-१२ जीवनसत्त्व कमी असलेल्या रुग्णांतही ते वाढलेले आढळे. चाचणी म्हणून हा दोष खरा, पण मला तो फार बोलका पुरावा वाटतो. मिथाइल रूपात गेलेले फोलेट पुन्हा मोकळे होते ते आपला मिथाइल गट होमोसिस्टीन या अमिनो आम्लाला देऊन, आणि हे काम करणाऱ्या एन्झाइमला बी-१२ लागते. ते नसेल तर फोलेट असूनही अडकून पडते.

केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर स्त्रिया १९९३ पासून अभ्यासल्या. सुमारे दोन तृतीयांश जणींत बी-१२ कमी होते. लाल पेशींतले फोलेट कमी असलेली स्त्री एकच निघाली. फोलेट जास्त आणि बी-१२ कमी असलेल्या मातांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलिनला होणारा विरोध सर्वाधिक होता. हा निरीक्षणातून दिसलेला संबंध आहे, त्याने कार्यकारण सिद्ध होत नाही, हा आक्षेप रास्त आहे. तरी बी-१२ची उणीव त्यामुळे खोटी ठरत नाही. मग फॉलिक अॅसिड थांबवावे का? मुळीच नाही. आधीच्या बाळात मज्जानलिकेचा दोष असलेल्या मातांत त्याने पुनरावृत्तीचा धोका ७२ टक्क्यांनी घटतो, हे १९९१ च्या ब्रिटिश चाचणीने दाखवले आहे. पालेभाजी-डाळ वाढवली तर? त्यांत फोलेट आहे, बी-१२ नाही. त्यासाठी दूध, अंडी, मासे, मटण किंवा गोळीच लागते. आणि फॉलिक अॅसिडचाच डोस वाढवला, तर रक्ताचा अहवाल सुधारतो, पण बी-१२अभावी होणारी मज्जातंतूंची हानी चालूच राहते.