ॲपला न सापडणारं झाड: नवीन प्रजाती नेमकी कशी शोधली जाते?

ब्राझीलमधल्या एका डोंगरावर एकाने एका वनस्पतीचा फोटो काढला आणि फेसबुकवर टाकला. तो फोटो वनस्पती अभ्यासकांच्या नजरेस पडला आणि त्यांना शंका आली. तपास झाला आणि २०१५ मध्ये जगाला एक नवीन वनस्पती मिळाली: ड्रोसेरा मॅग्निफिका. कासच्या पठारावर दवबिंदू नावाची छोटीशी कीटकभक्षी वनस्पती तुम्ही पाहिली असेल, ही तिचीच नातेवाईक. फक्त ही अमेरिका खंडांतली सगळ्यात मोठी ड्रोसेरा निघाली आणि ती एकाच डोंगराच्या माथ्यावर सापडते.

मग प्रश्न पडतो. फोटोवरून नवीन प्रजाती सापडते, तर आपल्या फोनमधलं गूगल लेन्स, प्लँटनेट किंवा आयनॅचरलिस्ट हे काम का करत नाही? बघूया.

ॲप झाड 'ओळखतं' म्हणजे काय करतं?

ही ॲप्स लाखो फोटोंवर शिकवलेलं मॉडेल वापरतात. प्रत्येक फोटोला माणसांनी आधी नाव दिलेलं असतं. तुम्ही नवीन फोटो दिलात की मॉडेल त्यातले आकार, रंग, शिरांची रचना यांचे आकडे बनवतं आणि यादीतल्या प्रत्येक नावाला गुण देतं. सगळ्यात जास्त गुण ज्याला, ते नाव स्क्रीनवर वर दिसतं.

ही परीक्षा एमसीक्यू पद्धतीची आहे असं समजा. फरक एवढाच, की इथे 'यापैकी नाही' हा पर्यायच नसतो. फोटोतलं झाड यादीत नसलं तरी गुण यादीतल्याच नावांत वाटले जाणार. म्हणून ॲपने ९० टक्के खात्री दाखवली, तर त्याचा अर्थ 'माझ्या यादीत तरी हेच सगळ्यात जवळचं' एवढाच घ्यायचा. मशीन लर्निंगमध्ये हा जुना आणि अजूनही अवघड प्रश्न आहे.

दुसरी अडचण फोटोंच्या संख्येची. आयनॅचरलिस्टच्या मॉडेलमध्ये एखादी प्रजाती यायची तर तिचे साधारण शंभर फोटो लागतात. आंबा, पळस, घाणेरी यांचे ढिगाने मिळतील. पण एकाच कड्यावर पावसाळ्यात काही दिवस फुलणाऱ्या झाडाचे कुठून आणणार? म्हणजे जितकं झाड दुर्मीळ, तितकं ॲप आंधळं. आणि ज्या झाडाला अजून नावच नाही, ते यादीत असणं शक्यच नाही.

मग 'नवीन' हे ठरवतं कोण?

इथे हर्बेरियम येतं. हर्बेरियम म्हणजे वाळवून, दाबून, कागदावर चिकटवलेल्या वनस्पतींचा संग्रह. लंडनच्या क्यू गार्डनमध्ये असे सुमारे ७० लाख नमुने आहेत. आपल्याकडे पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचा आणि मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजचा ब्लॅटर संग्रह आहे.

प्रत्येक प्रजातीचा एक अधिकृत नमुना ठरलेला असतो, त्याला टाइप म्हणतात. सोप्या भाषेत ही त्या नावाची मास्टर कॉपी. वाद झाला की सगळे तिच्याकडेच जातात. साधारण वाटचाल अशी असते:

१. सापडलेलं झाड त्याच जीनसमधल्या सगळ्या ज्ञात प्रजातींच्या वर्णनाशी आणि टाइपशी ताडून बघायचं. जीनस म्हणजे नावातलं आडनाव, फक्त इथे आडनाव आधी येतं.

२. एकच रोप बघून भागत नाही. अनेक रोपं, शक्यतो वेगवेगळ्या हंगामांत बघायची. फरक कायमचा आहे की नुसता सावली-पाण्यामुळे आलाय, हे तेव्हाच कळतं.

३. गरज पडली तर डीएनए तपासायचा. वनस्पतींच्या बारकोडसाठी २००९ मध्ये आरबीसीएल आणि मॅटके हे दोन तुकडे ठरवले गेले. पण अगदी जवळच्या नातेवाइकांत हे दोन्ही तुकडे सारखेच निघू शकतात, त्यामुळे डीएनए एकटा निकाल देतोच असं नाही.

४. वर्णन प्रसिद्ध करायचं आणि टाइप नमुना हर्बेरियममध्ये जमा करायचा. पूर्वी वर्णन लॅटिनमध्ये द्यावं लागायचं. १ जानेवारी २०१२ पासून इंग्रजीही चालतं आणि ऑनलाइन पीडीएफही.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्या विशाळगडावर कंदीलपुष्पाची एक नवीन प्रजाती मिळाली. २०२३ मध्ये तिला नाव मिळालं सेरोपेजिया शिवरायिना, छत्रपती शिवाजी महाराजांच्या सन्मानार्थ. कंदीलपुष्पांचं फूल खरोखर छोट्या कंदिलासारखं असतं; माशी आत शिरते, केसांमुळे काही काळ अडकते आणि परागकण घेऊन बाहेर पडते. या जीनसमध्ये प्रजाती वेगळी ठरवताना फुलाची बारीक रचना बघावी लागते. नुसत्या पानाच्या फोटोवर ॲप काय, तज्ज्ञसुद्धा खात्रीने बोलणार नाही.

सगळ्यात मोठा गोंधळ डेटाबेसमध्ये

आपल्याला वाटतं, नवीन प्रजाती म्हणजे घनदाट जंगल, नदी, होडी. पण २०१० च्या एका अभ्यासात दिसलं, की नवीन प्रजातींपैकी फक्त १६ टक्के पहिल्यांदा गोळा केल्यापासून पाच वर्षांत जाहीर होतात. जवळपास पाव प्रजातींच्या बाबतीत ५० वर्षांहून जुने नमुने निघाले. म्हणजे झाड कपाटातच होतं, चुकीच्या नावाखाली किंवा बिननावाचं.

बोलिव्हियाच्या महाकाय कमळाचं असंच झालं. त्याचा नमुना क्यूमध्ये १७७ वर्षं पडून होता. सगळे त्याला आधी माहीत असलेल्या दोन प्रजातींपैकीच एक समजत होते. क्यूच्या एका बागतज्ज्ञाला इंटरनेटवरचा फोटो बघून शंका आली, पुढे बोलिव्हियातून बिया आल्या, रोपं शेजारी शेजारी वाढवून बघितली, डीएनए तपासला. २०२२ मध्ये व्हिक्टोरिया बोलिव्हियाना हे नाव जाहीर झालं.

२०१५ च्या आणखी एका अभ्यासाचा अंदाज होता, की जगभरच्या हर्बेरियममधल्या उष्ण कटिबंधातल्या निम्म्याहून जास्त नमुन्यांवरची नावं चुकीची असावीत. आता विचार करा, याच नमुन्यांचे स्कॅन वापरून मॉडेल शिकवलं तर ते काय शिकेल? लेबल चुकलं की मॉडेल तीच चूक पूर्ण आत्मविश्वासाने सांगणार. म्हणून एआय आलं तरी नावं तपासणाऱ्या माणसांची गरज संपत नाही, उलट वाढते.

नावाला एवढं महत्त्व का?

नाव नसलेल्या झाडाला कागदोपत्री अस्तित्व नसतं. ते किती उरलंय याची नोंद होत नाही, धोक्यात आलेल्या प्रजातींच्या रेड लिस्टमध्ये ते येत नाही. रस्ता किंवा खाण होताना 'इथे अमुक प्रजाती आहे' असं कोणी म्हणूच शकत नाही. क्यूच्या २०२३ च्या अहवालानुसार, अजून नाव न मिळालेल्या दर चार वनस्पतींपैकी तीन आधीच नामशेष होण्याच्या वाटेवर असाव्यात.

तुमचा फोटो कसा कामाला येईल?

• फूल समोरून आणि बाजूने, पान दोन्ही बाजूंनी, खोड आणि पूर्ण झाड, असे चार-पाच फोटो एकाच नोंदीत टाका.
• मापासाठी शेजारी नाणं किंवा बोट ठेवा.
• आजूबाजूला कातळ आहे, ओढा आहे की गवत, हेही दिसू द्या.
• झाड उपटू नका, फूलही तोडू नका. कदाचित तिथे तेवढंच असेल.
• ॲपने दिलेलं नाव पटलं नाही तर जबरदस्तीने निवडू नका. जीनसवर थांबलात तरी चालतं, तज्ज्ञ पुढे नेतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, लोकेशन. दुर्मीळ झाडं चोरीला जातात, कंद खणून नेले जातात. आयनॅचरलिस्ट धोक्यातल्या प्रजातींचं ठिकाण आपोआप लपवतं. खऱ्या जागेऐवजी साधारण वीस-बावीस किलोमीटर बाजूच्या चौकोनात कुठेतरी ठिपका दाखवतं. पण ही सोय नावावर चालते. ज्याचं नावच ठरलेलं नाही, त्याचं ठिकाण ॲप आपोआप लपवणार कसं? ते नकाशावर उघडं राहतं. म्हणून अनोळखी आणि वेगळं काही दिसलं तर नोंद करतानाच लोकेशन सेटिंगमध्ये 'ऑब्स्क्युअर्ड' निवडा. मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून व्हॉट्सॲपवर पाठवला तर त्यात जीपीएसची माहिती राहू शकते, आणि रीलवर 'नेमकी जागा कमेंटमध्ये' लिहिणं तर टाळाच.

ॲपने 'हे काय आहे ते सांगता येत नाही' म्हटलं, तर ॲप बेकार आहे असं लगेच समजू नका. बहुतेक वेळा फोटो हलला असेल किंवा झाडाला फूल नसेल. पण कधीतरी, अगदी क्वचित, उत्तर न मिळण्याचं कारण एवढंच असेल, की ते उत्तर अजून कोणी लिहिलेलंच नाही.